लढाईआधी सेनापती नेमकं काय बोलत, आणि ते हजारोंना ऐकू कसं जाई?

पायवाट

एक ऐतिहासिक एकांकिका लिहायला घेतली आहे. खिंड अडवून धरायला निघालेली तीनशे माणसं आणि त्यांच्यापुढे बोलणारा सरदार, असा मधला प्रसंग आहे. घोडा नाचवत, तलवार उंचावत केलेलं पाच मिनिटांचं घणाघाती भाषण मला लिहायचं नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. मोठ्या सैन्याला सेनापतीचा आवाज पोचायचा कसा? बोलण्यात मजकूर काय असायचा? आणि असं बोलणं फसतं कुठे? उदाहरणं शक्यतो जुन्या साधनांतली द्या, कुठल्याही देशातली चालतील.

दफ्तरी

आधी आवाजाचा हिशेब करा. दहा हजार पायदळ एकामागे एक आठ माणसं अशा रांगांत उभं केलं, तर आघाडीवर १,२५० माणसं येतात. माणशी तीन फूट धरले तर ३,७५० फूट, म्हणजे किलोमीटरहून जास्त लांबी. सेनापती अगदी मधोमध उभा राहिला तरी टोकाचा शिपाई अर्ध्या किलोमीटरहून लांब. त्यात घोडी, वारा, शस्त्रांचा खणखणाट आणि शिरस्त्राणाखाली झाकलेले कान.

फिलाडेल्फियात व्हाइटफील्ड नावाचा धर्मोपदेशक उघड्यावर बोलत असताना बेंजामिन फ्रँकलिन मागे मागे चालत गेला आणि आवाज कुठवर येतो ते त्याने पाहिलं. माणशी दोन चौरस फूट धरून तीस हजार लोक ऐकू शकतील, असा त्याचा हिशेब निघाला. पण तिथे लोक अर्धवर्तुळात दाटीवाटीने, गप्प उभे राहतील असं धरलेलं होतं. सैन्य लांबलचक रेषेत उभं असतं. तिथे हा हिशेब लागू होत नाही.

म्हणून प्रत्यक्षात तीन वाटा दिसतात. एक, आदल्या दिवशी छावणीत फक्त अंमलदारांना बोलावून सांगायचं आणि त्यांनी आपापल्या तुकडीत जाऊन तेच सांगायचं. दुसरी, रांगेसमोरून घोडा हाकत जायचं आणि दर तुकडीपाशी थांबून एखाददुसरं वाक्य बोलायचं. तिसरी, एकच शब्द माणसागणिक पुढे सरकवायचा. इ.स.पू. ४०१ मध्ये आजच्या इराकमधल्या कुनाक्साच्या लढाईआधी ग्रीक लेखक झेनोफन स्वतः तिथे हजर होता. तो लिहितो की रांगांतून गुणगुण ऐकू आल्यावर पर्शियन राजपुत्र सायरसने हे काय म्हणून विचारलं. परवलीचा शब्द दुसऱ्यांदा फिरतो आहे, असं उत्तर मिळालं. शब्द होता ‘तारणारा झ्यूस आणि विजय’. एकदा या टोकाकडून त्या टोकाला जायचा आणि एकदा परत यायचा. परत आला तो जसाच्या तसा असला की सगळी रांग जोडलेली आहे हे कळायचं, आणि प्रत्येक माणसाच्या तोंडून तो एकदा तरी निघालेला असायचा. मला हे कुठल्याही भाषणाहून परिणामकारक वाटतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रीक-रोमन इतिहासांतली लांबलचक भाषणं शब्दशः खरी धरू नका. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस स्वतःच सांगतो की नेमके शब्द आठवणं अवघड होतं, म्हणून एकंदर आशय धरून प्रसंगाला साजेसं असेल ते त्याने लिहिलं.

लेखणी_तलवार

दफ्तरी यांचं म्हणणं बरोबर आहे. तरीही एक उदाहरण मी सगळ्यांच्या वर ठेवीन, कारण त्यात भीती कशी पसरली आणि बोलून ती कशी उतरवली, दोन्ही टप्प्याटप्प्याने दिसतं. सांगणारा खुद्द रोमन सेनापती सीझर आहे, त्यामुळे स्वतःची बाजू तो सजवणार हे धरून वाचावं.

इ.स.पू. ५८, आजच्या फ्रान्समधलं बेझाँसों. सीझर धान्य गोळा करायला काही दिवस थांबला होता. पुढे जर्मन टोळ्यांचा राजा आरिओव्हिस्टस. गावातले गॉल, म्हणजे तिथले स्थानिक लोक, आणि व्यापारी सांगू लागले की जर्मन धिप्पाड असतात, त्यांच्या नजरेला नजर देववत नाही. आता बघा, आधी कोण बिथरलं? शिपाई नव्हे. रोमहून सीझरच्या ओळखीने आलेले, लढाईचा अनुभव नसलेले तरुण अधिकारी. कुणी घरचं काम काढून रजा मागू लागले. लाजेखातर थांबलेले तंबूत बसून रडत होते. छावणीभर मृत्युपत्रं लिहून त्यावर मोहरा उठत होत्या. हे पाहून जुने कसलेले शिपाईही डळमळले. आणि ज्यांना भित्रं दिसायचं नव्हतं ते म्हणायचे, शत्रूची भीती नाही हो, पण वाट अरुंद आहे, रानं दाट आहेत, धान्य वेळेवर येईल की नाही कोण जाणे. निघायचा हुकूम दिला तर शिपाई निशाणं उचलणार नाहीत, असंही सीझरच्या कानावर घातलं गेलं.

त्याने सभा बोलावली. एरवी अशा सभेला वरिष्ठ सेंच्युरियन, म्हणजे तुकडीनायकच असत. या वेळी त्याने सगळ्या दर्जांचे सेंच्युरियन बोलावले. म्हणजे जो माणूस संध्याकाळी ऐंशी शिपायांबरोबर जेवायला बसतो, तो प्रत्यक्ष ऐकून जाणार, तिसऱ्याच्या तोंडून नव्हे.

पहिल्यांदा त्याने झापलं: कुठे आणि का नेतो आहे हे विचारणं तुमचं काम कधीपासून झालं? मग एकेक भीती हातात घेतली. जर्मन अजिंक्य? रोमन सेनापती मारियसने आपल्या बापजाद्यांच्या डोळ्यांदेखत किंब्री आणि ट्यूटॉन या टोळ्या लोळवल्या. हेल्व्हेटी टोळीने जर्मनांना कितीदा तरी हरवलं, आणि त्या हेल्व्हेटींना आपण नुकतंच हरवलं. धान्य? सेक्वानी, ल्यूकी आणि लिंगोनेस या टोळ्या पुरवताहेत, शिवाय शेतात पीक पिकून उभं आहे. वाट? ती थोड्याच दिवसांत तुम्ही स्वतः बघाल. शिपाई निशाणं उचलणार नाहीत? त्याने मला काही फरक पडत नाही.

आणि शेवटी घाव घातला. मुक्काम पुढे हलवायचा होता, तो आता येत्या रात्री, चौथ्या प्रहरी हलवतो. तुमच्यात लाज आणि कर्तव्य वरचढ आहे की भीती, ते लवकर कळू दे. कुणीच आलं नाही तर एकट्या दहाव्या लीजनला (रोमन पलटणीला) घेऊन जाईन, तिच्याबद्दल मला शंका नाही.

परिणाम काय झाला? दहाव्या लीजनने आपल्या ट्रिब्यून म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांमार्फत आभाराचा निरोप पाठवला. बाकीच्या लीजन्सनी आपल्या अधिकाऱ्यांकरवी कळवलं की आम्ही ना कधी शंका घेतली, ना घाबरलो. एका तुकडीवर सगळ्यांदेखत विश्वास टाकला की उरलेल्यांना मागे राहणं लाजिरवाणं होतं. मुदत एका रात्रीची ठेवल्यामुळे कुजबुजीला पुन्हा वेळ मिळाला नाही.

यापुढचा तपशील बरेच जण गाळतात. निघताना त्याने पन्नास मैलांहून मोठा वळसा घेतला, मोकळ्या मैदानातून जाता यावं म्हणून. सभेत अरुंद वाटेची तक्रार त्याने फटकारली, पण वाट बदलली. शिपायांना आपलं म्हणणं ऐकलं गेल्याचं पायांखाली कळलं.

पायवाट

फारच उपयोगी. मृत्युपत्रांचा तपशील तर डोळ्यांपुढून हलत नाही. आता आपल्याकडचं काही? आणि बक्षिसाची लालूच दाखवणं हे भाषणात बसतं का, की ते हलकं वाटेल?

पोथीवाचक

हलकं अजिबात नाही, कौटिल्याने ते सरळ लिहून ठेवलंय. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात सैन्याला उत्साह देण्याचा भाग आहे. राजाने सैन्य एकत्र करून काय बोलायचं, त्याची तीन छोटी वाक्यं आहेत. तुल्यवेतनोऽस्मि: मीही तुमच्यासारखाच पगारी. भवद्भिः सह भोग्यमिदं राज्यम्: हे राज्य तुमच्यासह भोगायचं. मयाऽभिहितः परोऽभिहन्तव्यः: मी दाखवीन त्या शत्रूला मारायचं. दहा सेकंदांत संपतं. नातं, वाटा आणि काम, तिन्ही आलं.

राजाने एवढंच बोलायचं. स्वर्ग, यज्ञाचं पुण्य, धन्याचं अन्न खाऊन न लढणाऱ्याची अधोगती, हे मंत्री आणि पुरोहितांनी सांगायचं. शूरांना स्वर्ग, भ्याडांना नाही, हे सूत-मागधांनी, म्हणजे स्तुतिपाठकांनी गायचं. बक्षिसांचा पुकारा सेनापतीने करायचा. कुणाच्या तोंडी काय शोभतं हे ठरलेलं आहे. तुमच्या एकांकिकेत सरदारच स्वर्गाबद्दल, पैशाबद्दल आणि डावपेचांबद्दल बोलत असेल, तर त्यातलं थोडं गोंधळ्याला किंवा कारकुनाला द्या.

बक्षिसांचे आकडे ‘पण’ या तेव्हाच्या नाण्यात असे: शत्रुराजाला मारणाऱ्याला १,००,००० पण, सेनापती किंवा राजपुत्राला ५०,०००, वीरांच्या प्रमुखाला १०,०००, हत्ती किंवा रथ मोडणाऱ्याला ५,०००, घोड्याला १,०००, पायदळाच्या नायकाला १००, आणि साध्या शिपायाच्या डोक्याला २०. वर दुप्पट भोग आणि हाती लागेल ते ज्याचं त्याचं. आता याच ग्रंथात शिकलेल्या पायदळ शिपायाचं वेतन ५०० पण दिलंय. ते वर्षाचं धरलं तर एका डोक्याला पंधरा दिवसांचा पगार, नायकाला सव्वादोन-अडीच महिन्यांचा. लाखाच्या आकड्याने स्वप्न पडतं, पण रांगेतला माणूस २० आणि १०० चाच हिशेब करणार. म्हणून खालचे आकडे सांगितलेच पाहिजेत.

याच प्रकरणात एक ओळ आहे, ती वाचून मी दर वेळी थांबतो. शस्त्रं, यंत्रं, औषधं, तेल-तूप आणि पट्ट्यांचं कापड हातात घेतलेले वैद्य, आणि अन्नपाणी सांभाळणाऱ्या, पुरुषांना हुरूप देणाऱ्या स्त्रिया, यांनी सैन्याच्या मागे उभं राहावं. जखम झाली तर कोण बघणार, याचं उत्तर शिपायाला मान वळवली की दिसतं.

छावणी

पोथीवाचक, वैद्यांचा मुद्दा नेपोलियनच्या उलट्या बाजूने बघा. १ डिसेंबर १८०५, ऑस्टरलिट्झच्या लढाईची आदली रात्र. त्याने छापील जाहीरनामा तुकड्यातुकड्यांत वाचून दाखवायला लावला. एका आवाजाची मर्यादा त्याने कागदाने ओलांडली. त्यात एक वाक्य असं की जखमींना नेण्याच्या निमित्ताने कुणीही रांग रिकामी करू नये. एकाला उचलायला दोन-तीन निरोगी माणसं जातात आणि रांगेला भोक पडतं, हे त्याला ठाऊक होतं.

त्याच जाहीरनाम्यात त्याने डाव उघड सांगितला: शत्रू माझ्या उजव्या बाजूला वळसा घालायला निघतील तेव्हा त्यांची कूस माझ्यापुढे येईल. उजवी बाजू मागे सरकताना दिसली की मधल्या शिपायाने हे आपलं हरणं समजू नये, म्हणून. शिवाय नेहमीची शर्थ केलीत तर मी गोळीबारापासून लांब राहीन, पण विजय क्षणभर जरी डळमळला तर तुमचा सम्राट पहिल्या माऱ्यात दिसेल. आणि हा विजय मोहीम संपवेल, मग हिवाळ्याचे मुक्काम. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला हे शेवटचं वाक्य किती गोड लागलं असेल!

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात ब्रिटिश जनरल स्लिमने चौदाव्या आर्मीत हेच काम रोज केलं. या आर्मीत बहुसंख्य भारतीय होते. त्याचं म्हणणं असं की वक्तृत्व लागत नाही. विषयाची माहिती हवी आणि आपण सांगतो त्यावर आपला विश्वास हवा. बोलण्याचा मोठा भाग जेवण, पगार, रजा, टपाल आणि मोहीम कुठवर आली यावर ठेवायचा, मग शेवटी ध्येयाची गोष्ट काढली तरी चालते. उलटा क्रम घेतला तर ध्येयाच्या वेळी शिपायाच्या डोक्यात न आलेलं पत्रच असतं. पुढच्या तुकड्या अर्ध्या शिध्यावर आल्या की तो आपलं मुख्यालयही अर्ध्या शिध्यावर आणायचा. आणि जपानी अजिंक्य नाहीत हे नुसतं सांगत बसला नाही. सुरुवातीला त्यांच्या कंपनीवर ब्रिगेड आणि प्लाटूनवर बटालियन, म्हणजे शत्रूच्या कितीतरी पट माणसं घालून छोटे विजय पक्के केले, मग बोलला.

आजच्या सैन्यात क्रम आणखी काटेकोर असतो. आधी ऑर्डर्स ग्रुप, म्हणजे हुकूम द्यायची बैठक: परिस्थिती, कामगिरी, अंमल, रसद-प्रशासन, कमांड आणि सिग्नल, या पाच मथळ्यांखाली हुकूम. सँड मॉडेलवर, म्हणजे वाळूत केलेल्या प्रदेशाच्या नमुन्यावर, काठी ठेवून प्रत्येक सेक्शनची (छोट्या तुकडीची) वाट दाखवली जाते. प्रश्न विचारून घेतले जातात. हुरूप देणारे शब्द त्यानंतर, थोडे. आपलं काम न समजलेल्या माणसाला आधीच पेटवलं तर तो नुसता अस्वस्थ होतो.

प्रत्यक्ष लढाईत तर वाक्यसुद्धा पुरत नाही. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून सुरक्षित जागी पोचवलं आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यानंतर बांधावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या नोंदीत ती गर्जना आली आहे. सगळ्यांना आधीच पाठ असलेला शब्द गोळीबारातही पोचतो, नवा पोचत नाही.

दफ्तरी

आता मराठी साधनांकडे येतो. दोर कापून ‘मागे फिरायची वाट नाही’ म्हणणारे सूर्याजी आपल्या सगळ्यांच्या मनात आहेत, पण सभासदाच्या बखरीत दोराचा प्रसंग नाही. तानाजी पडल्यावर भाऊ सूर्याजीने हिंमत धरून लोक सावरले आणि गड घेतला, एवढंच आहे. सभासदात मला भाषणापेक्षा मोलाचा मजकूर अफजलखानाच्या प्रसंगानंतर सापडतो. जखम बघून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. मेलेल्यांच्या मुलांना सांभाळायचं, आणि मुलगा नसेल तर बायकोला निमं वेतन. पुढच्या लढाईआधी सरदाराला ‘तुमच्या घरचं आम्ही बघू’ हे ओरडून सांगायची गरज उरत नाही. शेजारच्या गावात कुणाच्या तरी घरी ते पोचलेलं असतं.

बोलणं खालून वर जातं, त्याचं उदाहरण पानिपत. अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज सांगतो की १४ जानेवारी १७६१ च्या आधी सरदार आणि शिपाईच सदाशिवरावभाऊंकडे गेले. दोन दिवस पोटात अन्न नाही, असं कुढून मरण्यापेक्षा एकदा निकराने लढू, पुढे नशिबात असेल ते होईल. भाऊंनी आपलंही तेच मत असल्याचं सांगितलं. विडे वाटले गेले, शेवटपर्यंत लढायच्या शपथा झाल्या. इथे हुरूप आणायची गरजच नव्हती. भाऊंनी फक्त होकार दिला आणि विड्याने तो बांधून घेतला.

पण फसलं ते कुठे, हेही तिथेच दिसतं. दुपारपर्यंत लढाई तोलात होती. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दीत शिरले. हत्तीवरचा धनी दिसेना तशी फौज फुटू लागली. सरदार दिसेनासा झाला तर कुणाकडे बघायचं, हे शिपायांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

जास्त बोलण्यानेही बिघडतं. इ.स.पू. ४१३ मध्ये सिराक्यूजच्या बंदरात शेवटच्या आरमारी लढाईआधी अथेन्सचा सेनापती निकिआस याने आपलं भाषण संपवून जहाजांवर चढायचा हुकूम दिला. मग काहीतरी राहिलं असं वाटून तो पुन्हा एकेका जहाजाच्या कप्तानाला बापाच्या, कुळाच्या नावाने हाका मारत बायकामुलांची, देवांची आठवण देत फिरला. थ्युसिडिडीसने ते फार करुणेने लिहिलं आहे. माझा अंदाज असा की कप्तानांना त्यातून धीर कमी आणि सेनापतीची घालमेल जास्त कळली असेल. अथेन्स ती लढाई हरलं.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री कच्चा मजकूर लिहिला, तो टाकतो. निर्दयपणे तपासा.

“मर्दांनो! आज इतिहास आपल्याकडे डोळे लावून बसला आहे. शत्रू भेकड आहे, त्याला धुळीस मिळवू. मरण आलं तरी मागे हटायचं नाही. स्वर्गाची दारं तुमच्यासाठी उघडी आहेत. हर हर महादेव!”

लेखणी_तलवार

इतिहास काढून टाका, सतराव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी तो शब्द या अर्थाने बसत नाही. शत्रू भेकड आहे हेही काढा. पहिल्या पाच मिनिटांत शत्रू भेकड नाही हे कळेल आणि सरदाराचं बाकीचं बोलणंही खोटं ठरेल. ‘मागे हटायचं नाही’ याला शेवट नाही. किती वेळ? घोडखिंडीच्या कथेत तोफेच्या आवाजाला एवढं महत्त्व का आहे, ते बघा. काम कधी संपणार हे ठाऊक असलेला माणूस जास्त वेळ टिकतो.

तुमच्या तीनशे माणसांच्या मनात काय असेल? किती वेळ धरायचं, कुशीला वाट आहे का, सरदार पडला तर कोण, जखमीला कोण नेणार. तेवढ्याचंच उत्तर द्या. तीनशे माणसं खिंडीच्या तोंडाशी दाटीने बसलेली आहेत, म्हणजे ओरडायची गरज नाही. साध्या आवाजात, बसून बोलू द्या. असं काहीसं:

“पालखी गडावर पोचली की तोफ होईल. तोवर खिंड आपली. डावीकडचा कडा मी काल पाहिलाय, तिथून माकडही उतरणार नाही. समोरून ते चौघांपेक्षा जास्त एका वेळी येऊ शकत नाहीत. पुढचे पन्नास दमले की मागचे पन्नास पुढे. जखमीला मागचेच उचलतील, पुढच्याने मान वळवायची नाही. मी पडलो तर रायाजीकडे बघा, रायाजी पडला तर येसाजीकडे. पाणी कोणाकडे आहे? आधी पोरांना द्या.”

हर हर महादेव इथे नको. पहिला शत्रू वळणावर दिसेल तेव्हा द्या, आणि तो सरदाराने नाही, मागच्या रांगेतल्या कुणीतरी सुरू करू दे.

पोथीवाचक

पाण्याचं वाक्य ठेवाच. आणि गोंधळ्याला विसरू नका, त्याला पालखीबरोबर वर पाठवू नका. तो खिंडीतच हवा.